जुन्या गाड्या: किती उरल्या, का उरल्या आणि कशा टिकवायच्या

प्रश्न (जळगाव): मारुती 800 अजूनही बऱ्याच दिसतात. त्यांपैकी नेमक्या किती चालू आहेत, हे कळू शकते का?

विकल्या किती गेल्या हे सांगता येते. डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 या काळात देशात 26 लाखांहून अधिक 800 विकल्या गेल्या. उरल्या किती, हे मात्र आपल्या नोंदींतून सरळ निघत नाही. खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळी एकदम भरला जातो आणि पंधरा वर्षे आरटीओत जायचे काम पडत नाही. मध्येच गाडी भंगारात तुटली आणि मालकाने कळवले नाही, तर नोंद तशीच राहते. ब्रिटनमध्ये रस्ताकर ठरावीक मुदतीने भरावा लागतो आणि गाडी उभी ठेवायची असेल तर तसे सरकारला कळवावे लागते. त्यामुळे तिथे प्रत्येक मॉडेलच्या चालू आणि उभ्या गाड्यांचे आकडे वेगवेगळे मिळतात.

आपल्याकडे खरी गळती पंधराव्या वर्षी, नूतनीकरणाच्या वेळी उघड होते. पहिली सात-आठ वर्षे गाडी शक्यतो अपघातानेच बाद होते. बाराव्या-पंधराव्या वर्षापासून दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला गाठू लागतो आणि संख्या झपाट्याने उतरते. पंचविशी ओलांडलेल्या गाड्या थोड्या असतात, पण त्यांचे मालक त्या सोडत नाहीत, म्हणून तिथून पुढची घट मंद होते.

तुमच्या भागाचा अंदाज तुम्ही स्वतः घेऊ शकता. आठवडे बाजाराच्या दिवशी दिसलेल्या पन्नास जुन्या गाड्यांचे नंबर टिपा आणि एम-परिवहन अ‍ॅपवर नोंदणी, विमा व पीयूसी यांची मुदत पाहा. बीएस-4 या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते. ती ताजी असेल तर गाडी चालू आहे, यापेक्षा चांगला पुरावा नाही. फक्त जळगावच्या एमएच-19 नंबरच्या गाड्या मोजू नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, आणि मुंबई, पुणे, नाशिकच्या वापरलेल्या गाड्या खानदेशात भरपूर येतात. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला, म्हणून तिथल्या त्याआधीच्या गाड्या धुळ्याच्या एमएच-18 वर सापडतील.

प्रश्न (शहादा): 800 टिकली, पण सिएलो, मॅटिझ, युनो कुठे गेल्या?

त्या गाड्या कमकुवत होत्या असे नाही. सिएलो आणि मॅटिझ बनवणाऱ्या देवू कंपनीचा इथला कारभारच बंद पडला आणि फियाटच्या युनोचे पार्ट तालुक्याच्या दुकानापर्यंत कधी नीट पोचलेच नाहीत. 800 चे 796 सीसी, तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. क्लच प्लेट, वॉटर पंप, गॅस्केट सेट आजही शहाद्यात मिळतो. बहुतेक गाड्या इंजिन बसल्यामुळे जात नाहीत. शे-दोनशे रुपयांच्या पार्टसाठी महिनाभर उभ्या राहतात आणि त्या महिन्यात मालकाचे मन उतरते. जुनी गाडी घेताना आधी पार्टच्या दुकानात चौकशी करा, मग गाडी पाहा.

प्रश्न (भुसावळ): वडिलांची 1997 ची कार्बोरेटरची 800 तीन वर्षांपासून शेडमध्ये उभी आहे. नोंदणीही तेव्हाच संपली. पुन्हा रस्त्यावर आणावी का?

पत्रा चांगला असेल तर जरूर आणा. आपली हवा कोरडी, म्हणून कोकणातल्यासारखा गंज इथे चढत नाही. पण मडगार्डच्या आत अडकलेली काळी माती ओल धरून ठेवते आणि दाराखालचा पत्रा आतून सडवते. गाडी जॅकवर घेऊन माती खरवडा आणि पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर आधी डेंटरकडून खर्च काढून घ्या. जॅक लावायची जागा आणि सस्पेन्शनचे सांधे सडले असतील तर थांबा. तिथे पैसे घालण्यात अर्थ नाही.

लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि पान्याने क्रँकची पुली हाताने दोन फेरे फिरवा. फिरत नसेल तर जोर लावू नका, पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील. जुन्या पेट्रोलचा गोंद होऊन कार्बोरेटरचे जेट बुजतात, म्हणून टाकी उतरवून धुवा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुना रबरी पाइप फुगतो आणि पेट्रोल पंपाचा पडदा तडकतो. इथेनॉल सोसणारा नवा पाइप घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेची ओल इथेनॉल ओढून घेते आणि टाकी आतून गंजते.

ऑइल, फिल्टर आणि टायमिंग बेल्ट बदला. बेल्टचे रबर किलोमीटर न धावताही वाळते. ब्रेकचे मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर खोलून नवे रबर किट, नवे डॉट-3 ऑइल घाला. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, उदाहरणार्थ 1416 म्हणजे 2016 चा चौदावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी शाबूत असली तरी उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतो.

सगळ्यात जपायचा तो रेडिएटर. आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो, मेमध्ये पारा 45 वर गेला की इंजिन तापते, अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट जाते. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून क्षार काढून घ्या. पुढे फक्त कूलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी वापरा. पंखा आपोआप सुरू होतो का, हे उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून तपासा.

कागदांचा क्रम असा: विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबर प्लेट (कारसाठी 745 रुपये अधिक जीएसटी), मग फॉर्म 25 आणि आरटीओची तपासणी. वीस वर्षांवरच्या कारचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे. उशिराचे महिन्याला 500, म्हणजे तीन वर्षांचे 18,000. पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते.

प्रश्न (साक्री): पंधरा वर्षांची गाडी सरकार जप्त करणार, असे ऐकतो. खरे का?

खासगी गाडीसाठी महाराष्ट्रात वयाची बंदी नाही. दहा वर्षांचे डिझेल आणि पंधरा वर्षांचे पेट्रोल हा नियम दिल्ली परिसराचा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे वाढत नाही, त्यावरून हा गैरसमज पसरतो. काळी-पिवळी जीप मात्र प्रवासी वाहन आहे. आठ वर्षांनंतर तिला दरवर्षी फिटनेस लागतो, आणि त्या जीपा रस्त्यावरून कमी होण्याचे ते एक मोठे कारण आहे.

प्रश्न (रावेर): गाडी भंगारवाल्याला दिली तर काय काळजी घ्यावी?

आरसी घेऊन रोख पैसे देणाऱ्याला देऊ नका. नोंद तुमच्याच नावावर राहते आणि तो नंबर दुसऱ्या गाडीवर चढला तर चौकशी तुमच्याकडे येते. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला मिळतो. तो दाखवून नवी खासगी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होते आणि करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गाडी आधीच तुटली असेल तर कायद्याप्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मुदत टळली असली तरी अर्ज कराच. चासी नंबरचा कापलेला तुकडा असेल तर सोबत न्या, आणि नोंदणी रद्द झाल्याची पोच घेतल्याशिवाय विम्याचे जुने कागद टाकून देऊ नका.