एमआरआय नॉर्मल आलाय, मग सीपी (सेरेब्रल पाल्सी) जनुकीय असेल का?

ताई, 'हे माहेरचंच काहीतरी' असं सासूबाई म्हणतात असं तुम्ही लिहिलंय, ते आधी बाजूला काढू. तुमची मुलगी दिवस भरून झाली, जन्मताच रडली, कावीळ नव्हती, मेंदूचा एमआरआय नॉर्मल, तरी चौथ्या वर्षी सीपी म्हणून, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा राहत नाही असा, शिक्का बसला आणि डॉक्टरांनी एक्झोम तपासणी (रक्तातून बहुतेक सगळी जनुकं एकदम वाचणारी) सांगितली. यावरून 'माहेरचंच काहीतरी' असं अजिबात ठरत नाही. सीपीच्या मुलांत सापडणारे बरेच जनुकीय बदल आईबापांत नसतातच, त्या मुलात पहिल्यांदाच होतात. माझ्या मुलाला सीटीएनएनबी१ या जनुकात तसाच बदल आहे. आम्हा दोघांचं रक्त तपासलं, काही निघालं नाही.

सीपीचं कारण म्हणून अवघड बाळंतपणावर बोट ठेवलं ते १८६० च्या दशकात लंडनच्या डॉ. लिटल यांनी. १८९७ मध्ये फ्रॉइडने (हो, तोच मनोविश्लेषणवाला) शंका काढली होती, की बिघाड आईच्या पोटातच सुरू झालेला असू शकतो. २०२० साली २५० कुटुंबांच्या अभ्यासात सुमारे १४ टक्के मुलांत कारण जनुकीय निघालं. आपल्याकडे बाळ गुदमरणं, तीव्र कावीळ, अपुरे दिवस ही कारणं अजून भरपूर आहेत. तसा स्पष्ट इतिहास असेल तर मी आधी या तपासणीवर पैसे घालणार नाही. तुमच्याकडे तो नाही, म्हणून करा.

पण त्याआधी एक बघा. मुलगी सकाळी उठल्यावर बऱ्यापैकी चालते आणि संध्याकाळी पाय ओढते, चवडे आत वळतात, झोप झाली की पुन्हा बरी, असं होतं का? तसं असेल तर सकाळ-संध्याकाळचे व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा आणि लेव्होडोपा (मेंदूतलं डोपामिन भरून काढणारं औषध) देऊन बघायचं का ते विचारा. डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया, म्हणजे या औषधाने आटोक्यात येणारा स्नायू पिळवटण्याचा आजार, हुबेहूब सीपीसारखा दिसतो आणि थोड्या डोसवर मुलं चालायला लागतात. अमेरिकेतल्या बीरी जुळ्यांना लहानपणी सीपीच सांगितलं होतं, मग लेव्होडोपाने ती बरीच सुधारली. पुढे जनुक तपासणीत एसपीआर जनुकातला दोष निघाला, औषधात भर पडली आणि दोघं आणखी सुधारली. ग्लुट१ची (मेंदूला साखर पोचवणाऱ्या प्रथिनाची) कमतरताही अशीच फसवते. तिथे कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहार लागतो. अर्थात औषध किंवा आहार, काहीच आपल्या मनाने सुरू करायचं नाही.

दर वेळी असा जॅकपॉट लागत नाही. आमच्या रिपोर्टने फिजिओ बदलली नाही, स्प्लिंट बदलले नाहीत. मात्र या जनुकातल्या बदलाने डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) धोका असतो म्हणून त्याची तपासणी लगेच झाली. एरवी कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर रिपोर्ट फार महत्त्वाचा. नव्याने झालेला बदल असेल तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण एक टक्का. तुम्ही दोघंही एकाच सदोष जनुकाचे वाहक निघालात तर दर गरोदरपणात चारात एक. मामाच्या मुलीशी वगैरे नात्यात लग्न झालेलं असेल तर ते जनुकीय सल्ला देणाऱ्या काउन्सेलरना आवर्जून सांगा, लाजू नका.

रक्त आई, बाबा, मुलगी अशा तिघांचं द्या, फक्त मुलीचं नको. एखाद्या बदलावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्यावर काही ठरवू नका. मूळ डेटा जपून ठेवा आणि दोनेक वर्षांनी तोच पुन्हा तपासून मागा, नवीन जनुकं सापडत असतात.