नेपरव्हिलला बदली होतेय. मुलीला तिथल्या सरकारी शाळेत घालावं की प्रायव्हेट शोधावी?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पुण्याहून शिकागोजवळ नेपरव्हिलला येताय, मुलगी सातवीत बसेल, आणि घरचे म्हणताहेत की सरकारी शाळा नको. मी बरीच वर्षं इथे राहतोय, दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली. प्रायव्हेट शोधायच्या भानगडीत पडू नका.

आधी या गावाचं नाव का झालं ते सांगतो. १९९९ साली आठवीच्या मुलांची गणित-विज्ञानाची टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. ३८ देश होते (भारत त्यात नव्हता). अमेरिकेतली काही राज्यं आणि काही स्कूल डिस्ट्रिक्टसुद्धा (म्हणजे एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) स्वतःहून वेगळी बसली, त्यात नेपरव्हिलचं २०३ नंबरचं डिस्ट्रिक्ट होतं. विज्ञानात नेपरव्हिलला ५८४ गुण मिळाले, तैवानला ५६९, सिंगापूरला ५६८. म्हणजे एका उपनगराची पोरं सगळ्या देशांच्या पुढे. गणितात ५६९, सिंगापूर, कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि जपान तेवढे पुढे राहिले. अमेरिकेची स्वतःची सरासरी गणितात ५०२ होती.

आता हे ऐकून भारावून जाऊ नका. त्याच चाचणीला शिकागो शहराच्या सरकारी शाळाही बसल्या होत्या. त्यांचे गुण गणितात ४६२ आणि विज्ञानात ४४९. राज्य एक, सरकार एक, लोकलने फार तर तासाभराचं अंतर. शिवाय एका सुखवस्तू उपनगराची अख्ख्या देशाच्या सरासरीशी तुलना करणं मला कधीच पटलेलं नाही. इथे बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन करणाऱ्या संस्थेचं मोठं केंद्र होतं, ॲमोको या तेल कंपनीची संशोधनशाळा होती, आणि आर्गॉन व फर्मीलॅब या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा गाडीने जवळच. ज्या वर्गात निम्म्या मुलांचे आईबाप इंजिनियर नाहीतर शास्त्रज्ञ, तिथे विज्ञानाचे गुण खाली येतील कसे? शाळेचं श्रेय आहेच, पण सगळं नाही.

दुसरं कारण पैसा. इलिनॉयमध्ये शाळांचा मोठा खर्च स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. या राज्यात तो दरवर्षी ढोबळमानाने घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांपर्यंत जातो, आणि त्या बिलातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचा. पाच लाख डॉलरचं घर घेतलंत तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास धरून चाला. शाळेत फी नाही म्हणून खूश होणाऱ्या आपल्या लोकांना हे बिल आलं की घाम फुटतो. भाड्याने राहिलात तर ते भाड्यातूनच वसूल होतं, पण शाळा तीच मिळते.

माझ्या मते या डिस्ट्रिक्टची खरी कमाई टिम्स नाही. ती आहे पीईचा तास, म्हणजे आपला पीटीचा तास. आपल्याकडे तो गणिताच्या बाईंनी पोर्शन पुरा करायला मागून घ्यायचा तास असतो. इथल्या एका शाळेत फिल लॉलर नावाचे शिक्षक होते. त्यांनी पळणाऱ्या मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावायला सुरुवात केली. एक मुलगी इतकी हळू पळत होती की बघणाऱ्याला वाटावं, टंगळमंगळ चाललीय. तिचा आकडा बघितला तर ती जीव तोडून पळत होती. तेव्हापासून मैल किती मिनिटांत झाला यापेक्षा ठोके किती वेळ योग्य मर्यादेत राहिले यावर मार्क देणं सुरू झालं. माझा धाकटा खेळात यथातथाच. सगळ्यांच्या शेवटी आला आणि तरी पूर्ण मार्क मिळाले, हे त्याने घरी येऊन तीनदा सांगितलं. आमच्या शाळेत पीटीचे सर अशा मुलाला सरळ पाण्याच्या टाकीशी बसवून ठेवत.

पुढे नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलने वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना शाळा भरायच्या आधी व्यायाम आणि लगेच वाचनाचा तास असा प्रयोग केला. ‘झीरो अवर’ म्हणतात त्याला. मुलांचं वाचन सुधारलं असं शाळेने सांगितलं आणि जगभरातून लोक बघायला आले. प्रयोग लहान होता, त्यावरून ‘पळा म्हणजे गणित येईल’ असा फॉर्म्युला काढणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण स्पर्धेत न बसणाऱ्या मुलाला घाम गाळायची लाज वाटू नये, एवढं जरी एखाद्या शाळेला जमलं तरी मी तिला पैकीच्या पैकी देईन.

आता कामाचं. नेपरव्हिलचा पत्ता म्हणजे २०३ असं नाही. गावाचा बराच भाग २०४ मध्ये येतो (निकुआ व्हॅली, वॉबॉन्सी व्हॅली आणि मेटिया व्हॅली ही हायस्कूलं त्याची), आणि थोडा तिसऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये. आपली मंडळी २०४ मध्ये भरपूर आहेत. दोन्ही उत्तम, त्यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. एकच जपा: दोन्हीकडे आपल्याच पालकांनी मुलांना एक-दोन इयत्ता पुढचं गणित घ्यायला लावायची शर्यत चालवलेली असते. मुलगी नवीन देशात येतेय, पहिलं वर्ष तरी त्यात ढकलू नका.

लीजवर सही करण्याआधी घराचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून मिडल स्कूल (सहावी ते आठवीची शाळा) कुठलं येतं ते बघा, कारण प्रवेश पत्त्यावरच मिळतो. घर शाळेपासून दीड मैलापेक्षा लांब असेल तर पिवळी बस फुकट. निघताना लसीकरणाचे कागद डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी हातातल्या बॅगेत ठेवा. इलिनॉयच्या शाळेत पहिल्यांदा येणाऱ्या मुलाची वैद्यकीय तपासणी राज्याच्या ठरलेल्या फॉर्मवर लागते, डोळ्यांचीही लागते, आणि ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर इथल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.