महूकडच्या मुरमाड माळावर सोयाबीन नको

दादा, आधी चार ठिकाणी टिकाव मारून बघा. वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागला, तर ती जमीन नांगराची नाही. जमिनीचे क्षमतेप्रमाणे आठ वर्ग मानतात. शेती पहिल्या चारांतच. आपल्या इंदूरला पाऊस बरा पडतो हो, पण एवढ्याशा मातीत ओल टिकणार किती? आठ दिवस उघडीप पडली की पीक माना टाकतं.

वरचे दगड वेचून काढू नका, थेंबांचा मार तेच झेलतात. उताराला आडवे दगडी बांध घाला, मारवेल हे चाऱ्याचं गवत लावा. पहिल्या पावसाळ्यात गुरं अजिबात सोडू नका. बी पडल्यावर गवत कापून घाला. पुढे नुसती कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवतच माजलं, तर चराई जास्त होतेय असं समजा.