प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट: एकत्रच करा

तुमचा प्रश्न: दहा दिवसांच्या पहिल्या युरोपवारीत एकच शहर निवांत बघावं की प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्ही? आणि लोक अशा जोडसहली नुसते देश मोजायला करतात का?

हा मार्ग असेल तर तिन्ही करा. व्हिसा आणि मुंबईहून जाण्या-येण्याचं विमानभाडं एका शहरासाठीही पडतंच. एकाच शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) चेक प्रजासत्ताक, ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे तिन्ही देश होतात. प्राग-व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, पुढे बुडापेस्ट तीन तासांच्या आत.

मला मात्र ही सहल आवडते ती वेगळ्या कारणासाठी. १९१८ पर्यंत ही तिन्ही शहरं हाब्सबुर्ग घराण्याच्या एकाच साम्राज्यात होती, त्यामुळे एक बघितलं की दुसरं उलगडत जातं. तिथली नाट्यगृहंच घ्या. व्हिएन्नाचं ऑपेरागृह १८६९ सालचं, राजधानीला शोभेल अशा थाटाचं. १८६७ च्या तडजोडीत हंगेरीला साम्राज्यात बरोबरीचं स्थान मिळालं आणि १८८४ मध्ये बुडापेस्टनेही तोडीस तोड ऑपेरागृह उभं केलं. चेक लोकांच्या वाट्याला ते स्थान आलं नाही. त्यांनी लोकवर्गणीतून प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं. १८८१ मध्ये ते जळालं, तर पुन्हा वर्गणी जमवून १८८३ मध्ये परत उघडलं! रंगमंचाच्या वर 'राष्ट्राकडून राष्ट्राला' अशा अर्थाची अक्षरं आहेत. नुसतं प्राग बघून परतलात तर नदीकाठची एक देखणी इमारत एवढंच लक्षात राहील. दोन दिवसांनी व्हिएन्नाचा तो राजेशाही थाट समोर आला की त्या वर्गणीचं मोल कळतं.

आता व्यवहाराचं. तिकीट मल्टी-सिटी काढा: जाताना प्रागला उतरायचं, परतीचं विमान बुडापेस्टहून. उलटा प्रवास वाचतो. व्हिसाचा अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री ठेवाच, आईवडील सोबत असतील तर नक्कीच, कारण दमवतो तो प्रवास नव्हे, रोजची बॅगांची बांधाबांध. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर आहे, बॅगा हॉटेलवर ठेवून दिवसात होतं.

यात पॅरिस मात्र घुसवू नका. विमानतळावरच दिवस जाईल. त्याला पुढची रजा ठेवा आणि ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम जोडा. तोही मार्ग रेल्वेने सरळ होतो.