पैसे दिले म्हणजे प्रोग्राम तुमचा होत नाही

बेळगावच्या रविवार पेठेतले एक किराणा व्यापारी लिहितात: २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बाहेरच्या प्रोग्रामरकडून बिलिंगचा प्रोग्राम करून घेतला. पुढे तो पुण्याला गेला. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा भाच्याने प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली आणि खानापूरच्या नव्या दुकानातही तोच टाकला. दोन महिन्यांपूर्वी प्रोग्रामरच्या वकिलाची नोटीस आली, अजून उत्तर दिलेले नाही. त्याचे बिल कुठल्यातरी फाइलला आहे. 'पूर्ण पैसे दिलेत, मग प्रोग्राम माझाच ना?'

नाही. अशी पत्रे सारखी येतात आणि उत्तर तेच असते. प्रोग्रामर तुमचा पगारी नोकर नव्हता. सहीनिशी लेखी हस्तांतर नसेल तर मालकी त्याचीच.

तरी तुमचा बचाव कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) मध्ये आहे. प्रोग्राम रीतसर घेणाऱ्याला, तो ज्या कामासाठी दिला गेला त्या कामापुरती प्रत काढता येते, बदलही करता येतो. तुपावर अजून १२ टक्के लावणारा प्रोग्राम बिलिंगच्या काय कामाचा? भाच्याची दुरुस्ती माझ्या मते यात बसते.

खानापूरचे तसे नाही. प्रोग्राम एका दुकानासाठी दिला होता की फर्मसाठी, हे प्रोग्रामरने दिलेल्या बिलावरून ठरेल; आणि बिल म्हणे 'कुठल्यातरी फाइलला' आहे! आजच शोधा. एकाच दुकानाचा उल्लेख असेल तर बाजू लंगडी. फर्मचे नाव असेल आणि खानापूरचे दुकान त्याच फर्मचे असेल, तर भांडायला जागा आहे. काहीच लिहिले नसेल तर जुने मेसेज चाळा. कोर्ट काय म्हणेल ते मी छातीठोक सांगणार नाही.

बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३बी खाली ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. नोटीस मिळाल्यावर 'माहीत नव्हते' म्हणता येत नाही, आणि तुम्ही दोन महिने गप्प! शिवाय कलम ६२ मुळे प्रोग्रामर दिवाणी दावा पुण्यातही लावू शकतो. कोर्टाच्या गतीबद्दल बेळगावकराला काय सांगायचे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

खानापुरात वापर आजच थांबवा, पण काही पुसू नका. पुरावा नष्ट केला म्हणतील. याच आठवड्यात वकिलामार्फत उत्तर द्या. मालकीचा वाद घालू नका, दुसऱ्या दुकानाच्या परवान्याची किंमत विचारा. जमले तर या वेळी कागदावर 'फर्मची सर्व दुकाने' लिहून घ्या, खाली त्याची सही.