गणपतराव देशमुख फक्त साधेपणामुळे ११ वेळा आमदार झाले का?

प्रश्न असा आहे की, एसटीने फिरणारे सांगोल्याचे (जि. सोलापूर) गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले ते साधेपणामुळेच का, आणि आज तसं कुणाला जमेल का. मी सांगोला तालुक्यातला. घरात वडील शेकापचे, म्हणजे गणपतरावांच्या शेतकरी कामगार पक्षाचे, आणि चुलते काँग्रेसचे, त्यामुळे दोन्ही बाजू लहानपणापासून ऐकत आलोय. उत्तर त्या हिशेबाने घ्या.

साधेपणा खरा होता, त्यात वाद नाही. एसटीत एका बाकावर विधानसभा सदस्यांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं ना, त्या बाकावर खरोखरचा आमदार बसू शकतो हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं. पण चुलते म्हणायचे, "एसटीनं फिरून मतं पडली असती तर कंडक्टर मुख्यमंत्री झाला असता." मला चुलत्यांचं पटतं.

आधी आमचा तालुका समजून घ्या. हा माणदेश. माण नदीला पाणी दिसलं की माणसं पुलावर बघायला जातात. नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, पण आम्ही टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वरच्यांचं भिजून झालं आणि काही उरलं, तर आमच्याकडे. इथे "टेलला पाणी आलं का?" हा प्रश्न लोक रामराम घातल्यासारखा विचारतात. अशा ठिकाणी आमदाराने काय करायचं? सत्तेत असेल तर मंत्र्यांकडून काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. गणपतराव १९६२ पासून जवळजवळ कायम विरोधी बाकावर होते. १९७८ चं शरद पवारांचं पुलोद सरकार आणि १९९९ चं विलासरावांचं सरकार, एवढीच काय ती मंत्रिपदं. मग पन्नासेक वर्षं माणसाने लोकांना दाखवलं काय?

माझ्या मते खरी मेख रोजगार हमीत आहे. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी (पौष्टिक पीठ) मिळायची, मिलोच्या (परदेशी लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्लेल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या निवडणुकीत गणपतराव पडले होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला, आणि काम मागितलं तर सरकारने ते दिलंच पाहिजे असं ठरलं. विरोधी आमदाराला ही केवढी मोठी गोष्ट होती! पाझर तलाव, नालाबांध, रस्ता, काहीही काढायचं तर पालकमंत्र्याच्या पाया पडायची गरज उरली नाही. माणसं गोळा करायची, कामाची मागणी भरायची, तहसीलदाराच्या मागे लागायचं, मस्टर (हजेरीपट) नीट भरलंय का बघायचं. शेकापसारख्या लाल बावट्याच्या पक्षाचे कार्यकर्ते यात तरबेज. मेहेरबानीचं राजकारण त्यांच्याकडे नव्हतंच, म्हणून हक्काचं करावं लागलं, आणि आमच्या तालुक्यात नेमकं तेच चाललं.

पाण्याचंही तसंच. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही त्यातली मुख्य नावं. मागणी कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना समान वाटून द्या अशी होती. वडील ट्रकमध्ये बसून जायचे, येताना घसा बसलेला असायचा. टेंभू योजनेचं पाणी आपल्या शिवारात येईल असं तेव्हा आमच्या घरात वडील सोडून कुणालाच वाटत नव्हतं. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवायचं, वीजबिल कोण भरणार, असली सगळी शंका चुलत्यांची. पाणी आलं, पण एवढ्या उशिरा आलं की ट्रकमध्ये बसलेले निम्मे लोक तोवर गेले होते.

सूतगिरणी विसरू नका. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढणं हा वेडेपणाच वाटावा. पण ती चालली, आणि घराघरातल्या एखाद्याला तिथे काम मिळालं.

आता जे कौतुकाच्या लेखांत कुणी लिहीत नाही ते. गणपतराव धनगर समाजाचे होते आणि तालुक्यात हा समाज मोठा आहे. हा आधार धरल्याशिवाय सांगोल्याचं गणित सुटत नाही. फक्त त्याच्यावर भागलंही नसतं, कारण १९९५ ला समाज तेवढाच होता आणि शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी पाडलं. (हो, "काय झाडी, काय डोंगार"वाले तेच बापू.) १९९९ ला गणपतराव पुन्हा आले आणि मग २०१४ पर्यंत हरले नाहीत. शेवटच्या दोन निवडणुकांत राष्ट्रवादीची साथ होती, हेही धरा.

देशातला विक्रम वगैरे जे फिरतं ते तितकंसं खरं नाही. करुणानिधी १३ वेळा जिंकले, केरळात पालामधून के. एम. मणीही १३ वेळा. महाराष्ट्रात मात्र ११ वेळा दुसरं कुणी नाही.

तक्रारीही आहेत. एवढ्या वर्षांत उन्हाळ्याचे टँकर थांबले नाहीत. डाळिंबाने अजनाळ्यासारख्या गावांत शेततळी आणि बंगले आले, पण ते शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर, कर्ज काढून. तेल्या हा डाळिंबाचा रोग आला तेव्हा बागा उपटल्याही त्यांनीच. आणि पुढची फळी तयार करायला पक्षाला फार उशीर झाला. २०१९ ला नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी थांबायचं ठरवल्यावर आधी एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर झालं, मग गोंधळ होऊन नातवाला उभं केलं, आणि ७६८ मतांनी सीट गेली. घराणेशाहीवर आयुष्यभर टीका करणारे वडील त्या दिवशी गप्प होते.

आज जमेल का? मला अवघड दिसतं. आज गावात काम मागायला माणसं जमत नाहीत, रोजगार हमीच्या मजुरीत कुणाचं भागत नाही. गावाला हवाय निधी. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. निधी हा हक्क नाही, तो वरून सोडावा लागतो, आणि सोडणारा आधी तुम्ही कुणाच्या बाजूला आहात ते बघतो. विरोधी आमदाराने निवडून आल्यावर दोन वर्षांत उडी मारायची, ही रीत झालीय ती त्यामुळेच.

२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडून, बापूंनाच हरवून निवडून आले. चुलते म्हणतात, बघू किती दिवस तिथे राहतोय. वडिलांनी त्यांच्याशी शंभर रुपयांची पैज लावलीय.