रायझन ५ १६०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेला जुना गेमिंग पीसी आहे, बजेट तीस हजार. आधी प्रोसेसर बदलू, ग्राफिक्स कार्ड बदलू, की सगळंच नवीन घेऊ?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की दुकानदार म्हणतो, "बोर्ड जुना झाला, त्यावर नवीन कार्ड टाकलं तर बॉटलनेक होईल, त्यापेक्षा अख्खा सेट बदला." (बॉटलनेक म्हणजे एक भाग मंद असल्यामुळे दुसरा अडून बसणं.) ते वाचूनच उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलंय. दुकानदाराचं एक वेळ समजू शकतो, त्याला माल खपवायचा असतो. माझ्याकडे ते म्हणणारा माझा सख्खा मेहुणा होता आणि त्याला त्यातून एक रुपयाही मिळणार नव्हता.

माझं मशीन तुमच्याच पिढीचं. २०१७ साली रायझन बाजारात आल्या आल्या असेंबल करून घेतलेलं. १६००, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १०६० चं सहा जीबीवालं कार्ड. रॅम सुरुवातीला आठची एकच स्टिक होती, नंतर जोडी केली. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मात्र पहिल्यापासून बऱ्यापैकी घेतला होता, ५५० वॉटचा. तेव्हा सगळे म्हणाले त्यात कशाला पैसे घालतोस, लोकल टाक. त्यांचं ऐकलं नाही म्हणून आज हे उत्तर लिहितोय.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात नुसता पूर आला. त्यातलं एक ३०६०, बारा जीबीचं, मी कोथरूडच्या एका मुलाकडून घेतलं. त्याच्या घरी बसून अर्धा तास लोडवर चालवलं, पंख्यांचा आवाज ऐकला, तापमान बघितलं, बिल आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळवला, मग पैसे दिले. मायनिंगचं कार्ड म्हटलं की लोक नाक मुरडतात. चिप सहसा मरत नाही. पंखे आणि आतले थर्मल पॅड झिजतात आणि ते बदलता येतात. घरी आणून लावलं. सायबरपंक २०७७ जो आधी रडतखडत चालायचा, तो हाय सेटिंग्जवर सुरळीत चालायला लागला.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ आला. मॅच सुरू झाली की सगळं छान, पण बॉम्बच्या जागेवर दोन धुराचे बॉम्ब पडले आणि चार-पाच जण एकदम घुसले की फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन खाली. नेमकं गोळी झाडायच्या क्षणी चित्र अडकणार. सेटिंग्ज लो केल्या, फरक शून्य.

त्या भाऊबीजेला मेहुणा आला. हिंजवडीत नोकरी, त्यामुळे काँप्युटर या विषयावर शेवटचा शब्द त्याचाच असतो. ओवाळून झालं, करंजी हातात घेऊन साहेब माझ्या खोलीत. दोन मिनिटं खेळ बघितला आणि म्हणाला, "दाजी, हे भंगारवाल्याला द्या आता. सोळाशेवर तीन हजार साठ म्हणजे कार्ड वाया." मग मोबाइलवर एक वेबसाइट उघडली, त्यात माझा प्रोसेसर आणि कार्ड टाकलं आणि लाल रंगातली टक्केवारी माझ्या नाकासमोर धरली. इतके टक्के बॉटलनेक. म्हणून बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं नवीन.

त्या वेबसाइटींबद्दल माझं मत स्पष्ट आहे: थापा आहेत. तुम्ही कुठला गेम खेळता, कुठल्या रिझोल्यूशनवर, कुठल्या सेटिंगवर, हे नीट न धरता कोण कोणाला अडवतंय हे सांगताच येत नाही. मी त्याला तिथल्या तिथे दाखवलं. आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून कार्डाचा वापर स्क्रीनच्या कोपऱ्यात आणला. काउंटर-स्ट्राइकमध्ये कार्ड निम्म्यावरच रेंगाळत होतं. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं, फ्रेम होत्या तेवढ्याच. म्हणजे कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसरला दम लागलाय. मग त्याच मशीनवर सायबरपंक लावला, तिथे कार्ड ९८ टक्के. इथे प्रोसेसर निवांत, घाम कार्डाला. तेच मशीन, तीच जोडी, दोन खेळांत दोन उलटी उत्तरं. आता ती लाल टक्केवारी कुठल्या खेळाची?

त्यावर तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण प्लॅटफॉर्म डेड आहे ना."

डेड! एएमडीचा एएम४ हा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, काय चीज आहे ते लोकांना अजून कळलेलं नाही. ज्या बोर्डावर २०१७ चा १६०० बसतो, त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० बसतो, ५८००एक्स३डी बसतो, आणि ५७००एक्स३डी तर जानेवारी २०२४ मध्ये आलेला आहे. सुरुवातीला बी३५० वाल्यांना ५००० सिरीज अधिकृतपणे मिळत नव्हती, २०२२ मध्ये ते दार उघडलं. सात वर्षांनी निघालेला प्रोसेसर जुन्या बोर्डात बसतो आणि हा माणूस त्याला डेड म्हणतो.

मी ५६०० घेतला. सहा कोर बारा थ्रेड, म्हणजे कागदावर १६०० सारखाच, पण प्रत्येक कोरचा वेग वेगळ्याच पातळीवर. ६५ वॉटचा आहे आणि कूलर डब्यातच येतो, त्यामुळे बाकी काही घ्यावं लागलं नाही.

आता दोन गोष्टी नीट सांगतो, कारण व्हिडिओंमध्ये हे घाईत उरकतात. पहिली, बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करायचा. आधी नवा बसवलात तर स्क्रीन काळीच राहणार आणि मग जुना परत बसवत बसा. पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची, बायोसमधूनच फ्लॅश करायचं आणि होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मधेच वीज गेली तर बोर्ड बसलाच म्हणून समजा. त्यामुळे पुणेकरांनी हे काम गुरुवारी करू नये, महावितरणची देखभाल तुमचं वेळापत्रक विचारून होत नाही.

दुसरी गोष्ट कूलर काढण्याची. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या खाली असतात आणि सॉकेट त्याला वरून धरून ठेवत नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट पाच-सहा वर्षांत सिमेंटसारखी वाळते. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, लॉकची दांडी खालीच असली तरी. म्हणून आधी मशीन पंधरा-वीस मिनिटं दाबून चालवायचं, पेस्ट गरम झाली की बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळायचा. सुटल्याचं हाताला कळतं. मी हे समजावून सांगतच होतो, तेवढ्यात "दाजी, द्या इकडे" म्हणत मेहुण्याने हिसका दिला. टक् असा आवाज आला आणि १६०० कूलरच्या बुडाला लटकत बाहेर. कडेच्या ओळीतल्या दोन पिना आडव्या. मुलीच्या कंपासपेटीतली पुश पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं आणि तिच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून, बाजूच्या ओळीशी डोळा लावून, सरळ केल्या. प्रोसेसर नंतर चालला, विकलासुद्धा, घेणाऱ्याला पिनांचं सांगून. मेहुणा आजही म्हणतो की पिना आधीपासूनच वाकलेल्या होत्या. आधीपासून वाकलेल्या असत्या तर प्रोसेसर सॉकेटमध्ये बसलाच नसता, हे साधं लॉजिक त्याच्या गळी उतरत नाही.

५६०० बसवल्यावर काउंटर-स्ट्राइकमधलं ते अडकणं गेलं. कार्ड तेच, रॅम तीच, बोर्ड तोच.

तुमच्याकडे येतो. तुम्ही काय खेळता ते लिहिलेलंच नाही, आणि खरं उत्तर तिथेच आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असलं खेळत असाल तर आधी प्रोसेसर. मोठे स्टोरीवाले खेळ खेळत असाल तर आधी कार्ड. वर सांगितलेली ७२० ची चाचणी फुकट आहे, आज रात्री करून बघा. आणि बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग) चालू आहे का तेही बघा. ३२०० ची रॅम २१३३ वर चालवणारी मशीन मी ढिगाने पाहिलीत. एकच स्टिक असेल तर पहिला खर्च दुसऱ्या स्टिकचा.

१०६० बद्दल मात्र मला फारशी माया नाही. त्यात रे ट्रेसिंगचं (खेळातला प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याचं) हार्डवेअर नाही, त्यामुळे डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स त्यावर सुरूच होत नाही, मे २०२५ चा डूम पण नाही. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणंही थांबवलंय, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. दुसऱ्या बाजूला १६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ५६०० त्या यादीत आहे, फक्त बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करायची. म्हणजे दोन्ही बदलायला लागणारच आहेत, प्रश्न क्रमाचा आहे. तीस हजारांत ५६०० आणि वापरलेलं एएमडीचं आरएक्स ६६०० किंवा ३०६० कार्ड, असं बसवता येईल. नवंकोरंच कार्ड हवं असेल तर एक भाग आत्ता आणि दुसरा दोन-चार महिन्यांनी. कोणी पिस्तूल रोखलेलं नाही.

कार्ड घेताना तुमच्या बोर्डावरची कार्डाची जोडणी पीसीआय एक्सप्रेस ३ ची आहे हे ध्यानात ठेवा, ५६०० टाकला तरी ती ३ चीच राहते. ६६०० आठ लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं, नुकसान किरकोळ. ६५०० एक्सटी चारच लेनचं आहे, त्यात मेमरी चार जीबी, जुन्या बोर्डावर ते सपाटून मार खातं. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कोणी इंटेलचं आर्क बी५८० सुचवेल, बारा जीबी बघून मोह होईल, पण त्याचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर फार ओझं टाकतो. १६०० असेपर्यंत नाव काढू नका.

अख्खा सेट बदलण्याचं म्हणाल तर नव्या पिढीच्या बोर्डाला बहुतेक डीडीआर५ रॅम लागणार, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता हातातली चालू डीडीआर४ फेकून देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मेहुण्याने स्वतः हप्त्यांवर सगळं नवीन घेतलं, लाखाच्या वर गेला. काचेचं कॅबिनेट, आत सात रंगांचे दिवे. मॉनिटर मात्र तोच जुना ६० हर्ट्झचा. कोपऱ्यात दोनशे फ्रेमचा आकडा दाखवतो आणि मॉनिटर त्यातल्या साठच दाखवतो. मी एकदा हे बोललो तर दोन आठवडे फोन नव्हता. बायको म्हणते, कशाला त्याला टोचता. मी टोचत नाही, मॉनिटरच्या डब्यावर लिहिलंय ते वाचून दाखवलं.

हे सगळं एएम४ पुरतं खरं आहे. हे वाचणाऱ्या कोणाकडे इंटेलची चौथी पिढी आणि डीडीआर३ असेल तर तिथे पुढे रस्ताच नाही, बोर्ड बदलावाच लागेल आणि त्या बाबतीत मेहुणा बरोबर ठरतो. आणि ५६०० घेण्याआधी तुमच्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट उघडून त्यात नाव आहे का बघा, बी३५० म्हटलं की सगळे बोर्ड सारखे नसतात. काही बोर्डांवर नवा बायोस टाकला की जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट जातो, तेही तिथेच लिहिलेलं असतं. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटपर्यंतच झेपतो, खेळताना वीज गेली तर तो बोंबलेल. तो विंडोज बंद करायच्या कामाचा, मॅच संपवायच्या नाही.

एसएमपीएस कुठला आहे ते तुम्ही सांगितलेलं नाही. कॅबिनेटची बाजू उघडून त्यावरचं लेबल वाचा, १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि इथे टाका. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून घेतलेला विनानावाचा "४५० वॉट" असेल तर प्रोसेसर-कार्ड दोन्ही राहू द्या, आधी तो बदला.